सायकलप्रवाशाने काय वाचावे? आप्ताची एक कसोटी



लांबच्या पल्ल्याला सायकलने जाणारी मंडळी आता आपल्याकडे गावोगाव दिसू लागली आहेत. कुणी पुण्याहून गोव्याला जातो, कुणी नाशिकहून पंढरपूरला, कुणी थेट कन्याकुमारी गाठतो. यांच्यापैकी बरेच जण वाचणारे असतात, आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. सायकलप्रवासावर चांगलं वाचायला काय आहे? मासिकं कुठली घ्यावीत? आणि सायकलच्या नावाने जे हाती लागतं ते वाचून समाधान का होत नाही? चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही हाच दिला. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असा प्रश्न एक-दोघांच्या चेहऱ्यावर दिसतोय. काम आहे. थोडा धीर धरा.

आधी त्या असमाधानाकडे पाहू. इंग्रजीत सायकलची मासिके उदंड आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा अंक उघडला की आधी शर्यती, मग नव्या सायकली, मग टायर, दिवे, पिशव्या यांच्या तुलना. प्रवासाचा लेख असलाच तर चार पानांचा, आणि त्यातली तीन पाने छायाचित्रांची. डोंगराच्या कडेला सायकल उभी, मागे मावळता सूर्य, आणि कॅरिअरच्या पिशवीवरचं नाव स्पष्ट वाचता येईल असा कोन. त्या गावात पाणी मिळालं का, रात्री कुठे पाठ टेकली, वाटेत कोण भेटलं, यातलं काही नाही. अशा अंकातून प्रवासी नाहीसा झालेला असतो आणि त्याच्या जागी गिऱ्हाईक बसलेलं असतं.

हे कुणा संपादकाच्या दुष्टपणाने होत नाही. नियतकालिक नव्यावर जगतं. शर्यतीला दर आठवड्याला नवा विजेता असतो, वस्तूला दर वर्षी नवा नमुना असतो. प्रवासात नवं काय असणार? घाट तोच, वारा तोच, पंक्चर तेच. म्हणून प्रवासाचं मासिक हळूहळू एक तर शर्यतीकडे सरकतं किंवा दुकानाकडे. ब्रिटनमध्ये १८९१ साली ‘सायकलिंग’ नावाचं साप्ताहिक निघालं. कित्येक दशकं त्यात भटकंतीच्या लेखांना मानाची जागा होती. ‘सायकलिंग वीकली’ या नावाने ते आजही चालू आहे. पण आज त्याची ओळख मुख्यतः शर्यतीचं पत्र अशी आहे.

तेव्हा प्रश्न असा की चांगलं कशाला म्हणायचं? इथे आम्हाला न्यायशास्त्राची मदत घ्यावीशी वाटते. ज्ञानाचं एक साधन म्हणून न्यायदर्शन शब्दाला मान्यता देतं, पण कुणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. आप्त कोण, हे वात्स्यायन भाष्यात सांगतो. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, जशी पाहिली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, आणि त्या इच्छेनेच जो बोलायला प्रवृत्त झाला आहे, तो आप्त. आणि पुढे तो एक फार मोकळं विधान करतो: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे सांगणाऱ्याची जात, विद्वत्ता, पदवी यांचा संबंध नाही. नदीला उतार कुठे आहे हे नावाड्याने सांगितलं तरी ते प्रमाण.

सायकलप्रवासाच्या लेखनाला ही कसोटी चपखल बसते असं आमचं म्हणणं आहे. कारण हे लेखन जवळजवळ सगळं ‘दृष्टार्थ’ आहे. पुढचा माणूस त्या रस्त्याने जाणार आणि खरं-खोटं त्याच्या मांड्यांना कळणार. कथेवर, कवितेवर अशी उलटतपासणी होत नाही.

आता या वाङ्मयाच्या आरंभाकडे जाऊ. थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. सायकल पुढे प्रचंड आणि मागे चिमुकलं चाक असलेली, ५० इंची ‘कोलंबिया’. बरोबर एक जादा सदरा, मोजे, तंबूसारखा वापरता येईल असा रेनकोट आणि पिस्तूल. ऑगस्टच्या सुरुवातीला तो बॉस्टनला पोचला. अमेरिका सायकलवरून ओलांडणारा हा पहिला माणूस. पुढच्या प्रवासासाठी त्याला बातमीदार म्हणून नेमलं ते ‘आउटिंग’ या मासिकाने. आणि ‘आउटिंग’ कुणाचं? कर्नल अल्बर्ट पोप यांचं. हेच पोप ‘कोलंबिया’ सायकलींचे कारखानदार! म्हणजे सायकल पोपची, मासिक पोपचं आणि जगप्रवासाची हकिगत हप्त्याहप्त्याने त्याच मासिकात. आजच्या मासिकांबद्दल आपण कुरकुर करतो, पण ही सोयरीक या वाङ्मयाच्या पाळण्यातच जमलेली होती.

मग स्टीव्हन्स आप्त नव्हे का? प्रकरण इतकं सोपं नाही. त्याने स्वतः पाहिलं हे निर्विवाद. अफगाणिस्तानातून त्याला पुढे जाऊ दिलं नाही, परत फिरवलं. तेव्हा तो वळसा घालून बोटीने कराचीला आला, रेल्वेने लाहोरला गेला आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत सायकलने गेला. हे साल १८८६. रस्त्याबद्दल, डाकबंगल्यांबद्दल, उन्हाबद्दल तो जे लिहितो त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण रस्त्यावरच्या माणसांकडे वळला की त्याची नजर बदलते. माणसं त्याला करमणुकीची वस्तू वाटतात. इराणी असो, हिंदी असो, चिनी असो, त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. आम्हाला कधी कधी वाटतं, त्या उंच चाकाचाही यात वाटा असावा. सव्वा मीटर उंचीच्या चाकावर बसलेल्या माणसाला सगळं जग खालीच दिसणार! पण ही आमची थट्टा झाली. खरं कारण काळ आणि साम्राज्य. ‘जशी पाहिली तशी’ या अटीत पाहणाऱ्याच्या डोळ्याचाही हिशेब घ्यावा लागतो, एवढं मात्र स्टीव्हन्स वाचताना पक्कं लक्षात येतं.

त्याच्यानंतर जॉन फॉस्टर फ्रेझर आणि त्याचे दोन मित्र १८९६ साली लंडनहून निघाले आणि ७७४ दिवसांनी जग फिरून परतले. फ्रेझरचं पुस्तक १८९९ सालचं. त्याचे पूर्वग्रह स्टीव्हन्सहून कमी नाहीत, पण तो सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की आम्ही हे केलं ते थोड्याफार मिजाशीपोटी, आपल्याबद्दल लोकांनी बोलावं म्हणून. हेतू लपवला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. फॅनी बुलक वर्कमन आणि तिचे पती विल्यम यांनी हिंदुस्थानात सायकलवर काढलेल्या चौदा हजार मैलांचं पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध केलं. देवळांच्या स्थापत्यासाठी आणि छायाचित्रांसाठी ते आजही पाहण्यासारखं आहे. माणसांसाठी नाही. नोकर रेल्वेने सामान घेऊन पुढे जायचा आणि ही दोघं सायकलवर. त्या नोकराने हकिगत लिहिली असती तर तीही वाचायला आवडली असती.

ही झाली पुस्तकं. पण मूळ प्रश्न मासिकांचा होता. इथे आमचं मत जरा वेगळं आहे. सायकलप्रवासाचं सर्वांत भरवशाचं लेखन दुकानात विकल्या जाणाऱ्या मासिकात नाही. ते सभासदांसाठी निघणाऱ्या पत्रकांत आहे. ब्रिटनमध्ये १८७८ साली ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला. पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’, आणि अलीकडे ‘सायकलिंग यूके’. या क्लबचं एक गॅझेट असे आणि एक हँडबुक. हँडबुकात काय? कुठल्या गावात कुठली खानावळ सायकलवाल्याला दारातून हाकलत नाही, कुठे दुरुस्ती होते, त्या गावात क्लबचा प्रतिनिधी कोण. वाङ्मय म्हणून रुक्ष. पण लिहिणारा सभासद, वाचणारा सभासद, आणि पैसे वर्गणीतून. खोटं लिहिण्यात कुणाचाच फायदा नाही. उलट पुढच्या महिन्यात कुणीतरी त्या खानावळीत जाऊन आपल्यालाच पत्र पाठवणार ही भीती. याच क्लबाने तीव्र उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या. आम्ही त्या पाट्यांनाही या वाङ्मयात धरतो. त्या काळचे ब्रेक कसे होते ते आठवा. उताराआधी दोन शब्द वाचायला मिळणं म्हणजे जिवाचा प्रश्न.

पण आमच्याच कसोटीला अडचणीत आणणारं एक उदाहरण आहे, ते टाळून चालणार नाही. फ्रँक पॅटरसन नावाचा चित्रकार. ‘सायकलिंग’ साप्ताहिकात १८९३ पासून १९५२ साली मृत्यू होईपर्यंत, आणि क्लबच्या गॅझेटमध्येही, त्याने काळ्या शाईची रेखाचित्रं काढली. वळणाचा रस्ता, जुना पूल, कौलारू सराई, फाटकाला टेकवलेली सायकल. इंग्रज सायकलप्रवाशांच्या तीन-चार पिढ्यांनी आपला देश या चित्रांतून पाहिला. आता गंमत ऐका. पायाच्या दुखापतीमुळे पॅटरसनची सायकल पुष्कळ आधीच सुटली होती. ससेक्समधल्या आपल्या घरी बसून, छायाचित्रं आणि पोस्टकार्डं समोर ठेवून तो चित्रं काढायचा. न गेलेल्या जागांची चित्रं! मग हा आप्त कसा?

आमचं उत्तर असं. पॅटरसन त्या जागेचा साक्षीदार नाही, पण त्या अवस्थेचा आहे. चढ संपल्यावर सायकल कशी टेकवतात, नकाशा उलगडताना माणूस कुठल्या पायावर उभा राहतो, हे त्याने तरुणपणी अंगाने जाणलं होतं. म्हणून चित्रातली सराई पोस्टकार्डावरून आली तरी तिच्यासमोरचा थकवा अस्सल आहे. आता त्या छायाचित्राशी तुलना करा, मावळत्या सूर्याच्या. तिथे जागा अस्सल असते, छायाचित्रकार प्रत्यक्ष गेलेला असतो. आणि तरी काहीच कळत नाही. तेव्हा ‘स्वतः जाणलं’ याचा अर्थ केवळ ‘तिथे हजर होता’ असा घ्यायचा नाही.

याच ‘सायकलिंग’मध्ये १९१९ साली एक लेख आला. लेखक डब्ल्यू. एम. रॉबिन्सन, टोपणनाव ‘वेफेअरर’. मार्च महिन्यात वेल्समधल्या बर्विन डोंगररांगेवरून, बर्फातून, सायकल ढकलत, उचलत पलीकडे गेल्याची हकिगत. विक्रम नाही, शर्यत नाही, विकायला काही नाही. एवढ्याशा लेखाने कित्येकांना पक्के रस्ते सोडून डोंगरात सायकली न्यायला लावलं. त्या परंपरेत १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची मंडळी एकत्र आली. आज डोंगरात सायकल नेण्याचा मोठा व्यवसाय झाला आहे, पण त्याच्या कित्येक दशकं आधी हे सगळं एका लेखाच्या जोरावर चाललं होतं. बर्विनच्या त्या खिंडीत रॉबिन्सनच्या नावाची पाटी आहे आणि शेजारी पेटीत वही. जाणारा-येणारा त्यात चार ओळी लिहितो.

फ्रान्समध्ये याहून मोठं नाट्य घडलं. सेंत-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी रेशमाचे व्यापारी. सायकलचं वेड लागलं, तो धंदा सोडला, सायकलींचं दुकान काढलं आणि १८८७ साली मासिक सुरू केलं. त्याचंच पुढे ‘ल सिक्लिस्त’ झालं. स्वतः ते ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत. शाकाहारी माणूस, पहाटे निघून डोंगर चढणारा. त्यांचा आयुष्यभराचा ध्यास म्हणजे गिअर. एकाच चाकदात्यावर सपाट रस्ता आणि घाट दोन्ही चढणं हा देहाचा छळ आहे, असं त्यांचं म्हणणं. गिअर बदलायची एकेक तऱ्हा ते स्वतः डोंगरावर नेऊन पाहत आणि काय झालं ते मासिकात लिहीत. वाचकही आपापले अनुभव कळवत. कुणाचे गुडघे, कुणाचा घाट, कुणाची चेन कुठे पडली, सगळं छापून येई.

त्याच काळात पॅरिसमध्ये आंरी देग्रांज ‘लोतो’ नावाचं क्रीडापत्र चालवत होते. प्रतिस्पर्धी पत्रावर मात करायला आणि खप वाढवायला त्यांनी १९०३ साली एक शर्यत काढली. तीच ‘तूर द फ्रान्स’. देग्रांजना गिअर मान्य नव्हते. त्यांच्या मते स्नायूंनी जिंकावं, यंत्राने नव्हे. तूरमध्ये स्वारांना गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायला मिळाली ती १९३७ साली, देग्रांज बाजूला झाल्यावर. व्हेलोसिओ तोवर हयात नव्हते. १९३० साली ट्रामच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

आता या दोघांकडे कसोटी लावून बघा. व्हेलोसिओंचं दुकान होतं, ते सायकली विकत. म्हणजे विक्रीचा आरोप त्यांच्यावरही येतो. तरी आम्ही त्यांना आप्त मानतो आणि देग्रांजना, निदान गिअरच्या बाबतीत, मानत नाही. का? व्हेलोसिओ ज्या गोष्टीबद्दल लिहीत तिच्यावर बसून आधी डोंगर चढत. आणि विरुद्ध अनुभवाची पत्रंही छापत. देग्रांजना प्रवासी नको होता, वीर हवा होता, कारण वीराच्या यातनांवर पत्र खपतं. विक्री दोघांकडे आहे. एकाकडे ती अनुभवाच्या मागून येते, दुसऱ्याकडे अनुभवच तिच्यासाठी तयार करवून घेतला जातो. आजचंही एक उदाहरण देता येईल. सिॲटलहून यान हाइने ‘बायसिकल क्वार्टर्ली’ नावाचं त्रैमासिक २००२ पासून काढतात. रुंद आणि लवचीक टायर साध्या रस्त्यावर अरुंद टायरांपेक्षा हळू चालत नाहीत, हे त्यांनी मोजमापं घेऊन मांडलं, तेव्हा शर्यतीच्या जगात याच्या अगदी उलट समजूत होती. पुढे ते स्वतः टायरही विकू लागले. वाचताना हे ध्यानात ठेवावं. पण कसं मोजलं ते ते सविस्तर सांगतात, त्यामुळे दुसऱ्याला तपासता येतं. दुकानदाराला आप्त व्हायला शास्त्राची बंदी नाही.

गिअरवरून डर्व्हला मर्फी आठवली. आयर्लंडची ही बाई. दहाव्या वाढदिवसाला एक सायकल आणि एक ॲटलास भेट मिळाला, तेव्हाच तिने ठरवलं की आपण हिंदुस्थानला सायकलने जायचं. आजारी आईची सेवा करता करता एकतीस वर्षांची झाली, आई गेली, आणि जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातल्या भयंकर हिवाळ्यात, ती निघाली. जुलैत दिल्लीला पोचली. सायकलचं नाव रोझिनांते, म्हणजे दॉन किहोतेचा घोडा, लाडाने ‘रोझ’. आणि निघण्यापूर्वी तिने काय केलं? सायकलचे गिअर काढून टाकले! आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत म्हणून. व्हेलोसिओंनी ज्यासाठी आयुष्य घालवलं ते हिने पान्याने सोडवून घरी ठेवलं. दोन आप्तांचा विरोध झाला तर कोण खरा? दोघेही. एक दुकान जवळ असलेल्या फ्रेंच डोंगरातलं सांगतो, दुसरी कुठलीच दुरुस्ती न मिळणाऱ्या वाटेचं. म्हणून आम्ही तरुणांना सांगतो की गिअर चांगले की वाईट असा लेख वाचू नका. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या साली, कुणाला काय झालं, असा लेख वाचा.

मर्फीचं ‘फुल टिल्ट’ १९६५ साली आलं. ते मुळात रोजनिशी आहे. वाटेतून ती घरच्या मित्रमंडळींना हप्त्यांनी पाठवायची. छापायचं म्हणून लिहिलेलं नाही, आणि म्हणून त्यात अफगाण खेड्यातला चहा, तापलेला रस्ता, मोडलेल्या बरगड्या सगळं एका पातळीवर येतं. स्टीव्हन्सला ज्या अफगाणिस्तानने परत फिरवलं, त्याच देशावर ही बाई जीव जडवून बसली. तिच्यातही दोष आहेत. आधुनिक ते सगळं वाईट आणि जुनं ते सुंदर, असा तिचा एक ग्रह आहे. गावात वीज आली की तिला वाईट वाटतं. ज्याच्या घरी वीज आली त्याला विचारलं असतं तर?

‘साहसवीर’ या शब्दाला उतारा म्हणून ॲन मस्टो वाचावी. शाळेची मुख्याध्यापिका. राजस्थानात बसच्या खिडकीतून वाळवंटात एकटा जाणारा सायकलस्वार तिला दिसला. पुढे चोपन्नाव्या वर्षी नोकरी सोडून ती जग फिरायला निघाली. पंक्चर काढता येत नव्हतं, हे ती स्वतःच सांगते. तिचं पुस्तक १९९१ सालचं. ती अभिजात भाषांची अभ्यासक. जुने रोमन मार्ग धरून जायची, आणि रस्ता कुणी बांधला, कशासाठी, हे तिच्या डोक्यात सतत चालू असायचं. आमच्या वयाच्या मंडळींना ती विशेष आवडेल.

आता घरी येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. तिघे वाटेत गळाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. त्यांचं ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक इंग्रजीत आहे. प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. मग ते दिसेनासं झालं आणि २००८ साली पुन्हा छापलं गेलं. त्यांच्या पाठोपाठ फ्रामरोझ दावर निघाले, आणि १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ. त्यांनीही पुस्तकं लिहिली. या सगळ्यांचा माग काढून, प्रदर्शन भरवून, ही माणसं पुन्हा लोकांसमोर आणण्याचं काम गोव्यात अनूप बबानी आणि सविया व्हिएगस यांनी केलं.

या पुस्तकांत पहिलेपणाचा सोस आहे, आकड्यांची हौस आहे. व्यायामशाळेतली तरुण मंडळी, चालायचंच. पण स्टीव्हन्सनंतर ती वाचली की जागा बदललेली जाणवते. तिथे गोरा माणूस सायकलवरून आपल्याकडे पाहत होता. इथे मुंबईची पोरं इराण, युरोप, अमेरिका, चीनकडे पाहताहेत, आणि तेही पारतंत्र्यातल्या देशाचा पासपोर्ट खिशात घेऊन. एवढ्यासाठी तरी हे पुस्तक प्रत्येक सायकलवाल्याच्या घरी असावं.

हे मुंबईत घडलं, तरी मराठीत त्याचा पडसाद का नाही? बंगालीत पहा. बिमल मुखर्जी १९२६ साली कलकत्त्याहून निघाले, १९३७ साली परतले, आणि ‘दु चाकाय दुनिया’ बंगालीत लिहिलं. रामनाथ बिश्वासांनी तर सायकलप्रवासावर बंगालीत पुस्तकांची रांगच लावली. मराठीत पायी प्रवासाचं वाङ्मय थोर आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे, गोनीदांची नर्मदा आहे. गोडसे भटजी तर आप्ताचा नमुनाच. दक्षिणा मिळवायला गेलेला माणूस सत्तावनच्या धामधुमीत सापडला आणि पाहिलं ते सांगितलं. पण सायकल? आमचं अनुमान असं की आपल्याकडे सायकल हे पोस्टमनचं, दूधवाल्याचं, गिरणीत जाणाऱ्याचं वाहन राहिलं. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, पण ती सायकल कचेरीत आणि कॉलेजात जायची. जे रोज वीस-वीस मैल पायडल मारत होते ते लिहीत नव्हते, आणि जे प्रवासवर्णनं लिहीत होते ते आगगाडीने, बोटीने, विमानाने जात होते. ऋषी-आर्य-म्लेंच्छ हा भेद वात्स्यायनाने मोडला; आपण मात्र दूधवाल्याला त्याची वाट कधी विचारली नाही.

भाषा नाही म्हणावं तर तसंही नाही. रस्त्याकडेच्या सायकल दुकानात जाऊन बसा. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहणं, सोल्यूशन वाळू देणं, चाकाचा आऊट काढणं, छर्रे बदलणं, कॉटर-पिन ठोकणं. नेमकं सांगणारी ही मराठी आहे. दिवाळी अंकांत अलीकडे सायकलप्रवासाचे लेख येतात, पण ते बहुधा ‘स्वप्नपूर्ती’च्या सुरात असतात. सूर्योदय, जिद्द, आईवडिलांचे आभार. कुंभार्ली घाटात पाणी कुठे मिळतं ते नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा कोकणातून देशावर येताना तो पाठीशी आणि देशावरून कोकणाकडे जाताना छातीवर असतो. या एका वाक्याने नवख्याचा अर्धा दिवस वाचेल. लेखात ते नसतं, कारण लेखकाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

अमेरिकेत १९७६ साली, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, काही हजार लोकांनी ओरेगन ते व्हर्जिनिया असा सुमारे ६,८०० किलोमीटरचा मार्ग सायकलने धरला. त्या उपक्रमातून जी संस्था वाढली ती आज माँटानातल्या मिसूलाहून ‘ॲडव्हेंचर सायक्लिस्ट’ नावाचं नियतकालिक काढते. ते वाचनीय आहे, पण त्याहून मोलाचे संस्थेचे नकाशे. सायकलवाल्याला लागणारी माहिती त्यांवर असते, आणि जाऊन आलेली माणसं दुरुस्त्या कळवतात: अमुक दुकान बंद झालं, तमुक पूल बंद आहे. असा घाटांचा नकाशा आणि महिन्याला चार पानांचं पत्रक आपल्याकडे का निघू नये? पैसा फार लागत नाही. पाहिलं ते पाहिलं तसं लिहिणारी वीस माणसं लागतात, आणि त्यांत दोन-तीन तरी अशी हवीत, ज्यांनी हौसेखातर नव्हे तर पोटासाठी सायकल चालवली आहे.

जाता जाता, कुठे काय मिळेल ते सांगतो. स्टीव्हन्स, फ्रेझर, वर्कमन यांचे हक्क संपले आहेत. त्यांची पुस्तकं इंटरनेटच्या ग्रंथभांडारांत फुकट वाचता येतात. ब्रिटिश क्लबांचे जुने कागद वॉरिक विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जपलेले आहेत. मर्फी आणि मस्टो दुकानात मिळतील, नाही तर रद्दीवाल्याकडे बघा, पेपरबॅक हमखास असतात. क्रम विचाराल तर आधी मुंबईचे तिघे, मग मर्फी, आणि तिच्या हातात हात घालून स्टीव्हन्स, म्हणजे एकाच मुलखाकडे पाहणारे दोन डोळे लागोपाठ दिसतील. चालू मासिकांचा अंक हातात आला तर जाहिराती आणि तुलना सोडा. शेवटच्या पानांवरचा वाचकांचा पत्रव्यवहार आधी वाचा.

वेळ संपत आली आहे. घाटांच्या नकाशाबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर आधी ते ऐकू, मग प्रश्न घेऊ.